पियानोची खासगी शिकवणी : पहिल्या वर्षी काय काय होतं?



मागच्या पालकसभेनंतर एक ताई थांबल्या. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, तिसरीत आहे. म्हणाल्या, "मॅडम, तुमची मुलगी पियानो शिकते ना? आमच्या ह्याला लावावा म्हणते. सहा महिन्यांत गॅदरिंगला वाजवेल का?" मी हसले, कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न मी लेकीच्या सरांना विचारला होता. त्या वेळी सरांनी जे उत्तर दिलं ते मला आवडलं नव्हतं. पण आज त्या ताईंना मी तेच उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं, हे एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

आधीच सांगते, मी संगीत शिक्षिका नाही. डीएड केलं, प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. पेटीवर राष्ट्रगीत आणि दोन प्रार्थना एवढंच माझं वादन. त्यामुळे हा लेख एका पालकाचा आहे असंच समजा. मधे मधे मास्तरीण डोकावेल, तिला सांभाळून घ्या.

आधी वाद्य की आधी क्लास?

आपल्याकडे सहसा आधी वाद्य आणतात. वाढदिवसाला कीबोर्ड येतो, त्यातले ढोल-ताशाचे आवाज आठवडाभर वाजतात, आणि मग तो कपाटावर चढतो. क्लासला जायचं नक्की झालं असेल तर आधी शिक्षकांशी बोला, मग खरेदी करा.

फरक समजून घेण्यासाठी आपली पेटी आठवा. पेटीत भाता हलतो, हवा जाते, आणि पट्टी दाबलेली असेतोवर सूर चालू राहतो. पियानोत हवेचा संबंधच नाही. पट्टी दाबली की आत एक लहानसा हातोडा तारेवर आपटतो आणि लगेच मागे येतो. त्यानंतर सूर आपोआप विरत जातो. पट्टी हळू दाबली तर आवाज हळू, जोरात दाबली तर मोठा. सुमारे 1700 साली इटलीतल्या फ्लोरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे यंत्र बनवलं. 'पियानोफोर्ते' ह्या मूळ नावाचा अर्थच 'हळू-मोठा' असा आहे. म्हणजे बोटाचा दाब हीच ह्या वाद्याची खरी ओळख.

म्हणून वाद्य घेताना एक गोष्ट तपासायचीच. पट्टी हळू आणि जोरात दाबल्यावर आवाजात फरक पडतो का? खेळण्यातल्या कीबोर्डात पडत नाही. मूल कसंही दाबो, आवाज तोच. अशा कीबोर्डावर सहा महिने सराव केलेलं मूल सरांच्या पियानोवर बसलं की बोटं अक्षरशः रुतल्यासारखी होतात.

पूर्ण पियानोला 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. पहिल्या वर्षात त्यातल्या मधल्या वीस-पंचवीसच वापरल्या जातात. त्यामुळे दाबाप्रमाणे आवाज बदलणारा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड सुरुवातीला चालतो. पुढे टिकलं तर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. लाकडी, तारांचा पियानो म्हणजे वेगळाच संसार. तो नियमित सुरात लावून घ्यावा लागतो, आणि आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्याला मानवत नाही. आम्ही ओळखीच्यांकडून वापरलेला कीबोर्ड घेतला. दीड वर्ष पुरला.

खुर्चीकडे मात्र कुणी बघत नाही! आमच्याकडे पहिले पंधरा दिवस कीबोर्ड दिवाणावर आणि लेक जमिनीवर मांडी घालून, पेटीला बसतात तशी. सरांना व्हिडिओ पाठवला तर त्यांनी वाजवण्याबद्दल काहीच लिहिलं नाही. फक्त 'टेबल-खुर्ची' असं उत्तर आलं. कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं, आणि पाय अधांतरी लोंबकळायला नकोत. आमच्या खुर्चीवर एक उशी आणि पायाखाली स्वयंपाकघरातला पाट असतो.

पहिला तास

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी सा रे ग म होईल. झालं काय? सरांनी आधी नखं बघितली. मग तिला पट्ट्यांपुढे उभं केलं आणि विचारलं, "काळ्या पट्ट्या कशा दिसतात?" ती म्हणाली, "दोन, मग तीन, मग परत दोन." "शाब्बास. आता डोळे मिटून फक्त दोनवाल्या शोध." पंधरा मिनिटं हाच खेळ. मग बोटांचे आकडे. अंगठा एक, करंगळी पाच, दोन्ही हातांना तसंच. इथे बरीच मुलं अडखळतात, कारण डावीकडून उजवीकडे मोजत गेलं तर डाव्या हाताची करंगळी आधी येते आणि तिला पाच म्हणायचं असतं. सर म्हणाले, दोन्ही तळहात एकमेकांना जोड, नमस्कार कर. आता अंगठ्याला अंगठा चिकटला, दोघेही एक. पाचव्या मिनिटाला तिला कळलं. ही युक्ती मी नंतर वर्गात डावं-उजवं शिकवताना वापरली.

हाताचा आकार कसा हवा, तर बेसनाचा लाडू वळून हातात धरल्यासारखा. बोटं ताठ नकोत, मनगट लोंबतं नको. तास संपला तेव्हा एकही गाणं झालेलं नव्हतं. खाली स्कूटरवर बसताना मी विचारलं, "काय शिकलीस?" ती म्हणाली, "दोन काळ्यांच्या डावीकडची पांढरी म्हणजे सी." एवढंच! मनात म्हटलं, ह्याचे पैसे?

आता विचार करते की पहिलीच्या मुलाला आपण पहिल्या दिवशी धडा वाचायला लावतो का? पूर्वतयारीत रेघा, गोल, आकार ओळखणं ह्यात आपण आठवडे घालवतो. तेव्हा पालक येऊन "अजून अ-आ-इ सुद्धा नाही?" म्हणतात तेव्हा आपल्याला किती राग येतो.

लहान मुलांचा तास साधारण अर्ध्या तासाचा, आठवड्यातून एकदा. कमी वाटतो, पण सात-आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने शिक्षकासमोर अर्धा तास म्हणजे भरपूर. वर्गात चाळीस मुलं असली की मधे मधे विसावा मिळतो. इथे मिळत नाही.

आजोबा, सर आणि 'सा'

आमच्याकडे आणखी एक गंमत झाली. माझे सासरे सासवडकडच्या गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. नात पियानो शिकते म्हटल्यावर त्यांना फार आनंद. सुट्टीत आले आणि लगेच शिकवायला बसले. "ही पांढरी एक. इथून सा." नात म्हणाली, "आबा, हा सी आहे." आबा म्हणाले, "सी-बी काही नाही, सा."

दोघंही बरोबर होते, आणि हेच पालकांनी नीट समजून घ्यायला हवं. सी हे एका ठरावीक पट्टीचं नाव आहे, कायमचं. सा मात्र गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कुठल्याही पट्टीवर बसतो. म्हणून तर आपल्याकडे "त्यांची काळी चार", "बाईंची काळी पाच" असं बोलतात. पेटीवाल्यांची पांढरी एक म्हणजे पियानोचा सी, पांढरी दोन म्हणजे डी. काळी एक म्हणजे सी शार्प. जागा त्याच आहेत, बोलायच्या पद्धती दोन. ज्या घरात आधीच पेटी किंवा गाणं आहे, तिथे मुलाला हे पहिल्याच महिन्यात शांतपणे सांगून टाकावं, नाहीतर सी म्हणजे सा हे डोक्यात पक्कं बसतं आणि पुढे जी पासून सुरू होणारी धून आली की सगळा गोंधळ.

मी घाबरत सरांना विचारलं, घरी आबा वेगळं शिकवतात, चालेल का? सर मूळचे गोव्याचे. तिकडे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांचं वाचन शिकवायची पद्धत होती, त्यांच्या घरात तीच चालत आली. ते म्हणाले, "आमच्या घरी आजी ह्यालाच 'दो' म्हणायची. नावं तीन असू दे. बोटं मात्र एकाचीच." म्हणजे आबा तीन बोटांत सगळं वाजवतात, ते तिने उचलायचं नाही. आबांना हे कुणी सांगायचं हा प्रश्न होता. यजमानांनी अंग काढून घेतलं. शेवटी नातीनेच सांगितलं. आबा दोन दिवस रुसले, मग स्वतःच तिच्याकडून बोटांचे आकडे शिकून गेले.

वाचन की पाठांतर? (शिक्षकांनी हे जरूर वाचावं)

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक मूल माहीत असतं. पुस्तक उघडतं, चित्र बघतं आणि पान घडाघडा म्हणतं. बोट शब्दांवरून फिरत असतं, पालक खूश असतात. आपण मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प. ते मूल वाचत नसतं, ऐकून पाठ झालेलं म्हणत असतं.

माझी लेक पियानोवर हेच करत होती आणि मला, दहा वर्षं वाचन शिकवणाऱ्या बाईला, चार महिने पत्ता नाही.

पियानोचं लिखाण पाच रेघांवर असतं. सूर रेघेवर बसतो किंवा दोन रेघांच्या मधल्या घरात. वर गेला की सूर चढा, खाली आला की उतरता. आपल्या भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीत सुरांची अक्षरं लिहितात. इथे अक्षर नाही, जागा वाचायची. दोन हातांसाठी पाच-पाच रेघांच्या दोन जोड्या, एकाखाली एक. मधला सी तर वरच्या जोडीच्या खाली एका छोट्या रेघेवर आणि खालच्या जोडीच्या वर एका छोट्या रेघेवर, असा दोन ठिकाणी लिहितात. मुलांना ते दोन वेगळे सूर वाटतात. पट्टी मात्र एकच.

हे अवघड दिसल्यावर मी काय केलं? प्रेमाने, पेन्सिलीने, प्रत्येक ठिपक्यावर सी डी ई एफ लिहून दिलं. पट्ट्यांवर रंगीत स्टिकर चिकटवले. लेक फटाफट वाजवू लागली. पुढच्या तासाला सरांनी वही बघितली, खोडरबर काढला आणि एक शब्द न बोलता सगळं खोडलं. मग एका सुरावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?" तिला येईना. खालच्या सुरापासून मनात मोजत वर आली आणि चुकली.

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! कारण ती ठिपका बघतच नव्हती, माझं अक्षर बघत होती. आपण मराठी शब्दाखाली इंग्रजी स्पेलिंग लिहून द्यावं आणि मुलाने फक्त स्पेलिंग वाचावं, तसं. बोटांच्या आकड्यांचंही तेच होतं. पुस्तकात सुरावर 3 लिहिलेला असला की मुलं 3 म्हणजे ई असं धरून चालतात. हात एक पट्टी सरकला की सगळं कोसळतं.

सरांनी नंतर एक सवय लावली. रोज दोन ओळी अशा वाजवायच्या ज्या आधी कधीच ऐकलेल्या नाहीत. सोप्या, अगदी बाळबोध, पण नवीन. एकदाच वाजवायच्या, चुकल्या तर चुकल्या, पान उलटायचं. ओळखीची धून कान वाजवून नेतो, अनोळखी ओळ मात्र डोळ्यांनीच वाजवावी लागते. तीन-चार महिन्यांत फरक दिसला. आता मी वर्गातही आठवड्यातून तीन दिवस फळ्यावर पुस्तकाबाहेरची दोन वाक्यं लिहिते, काल काय झालं, डब्यात काय होतं अशी. पाठांतरवाली मुलं पहिल्याच आठवड्यात सापडली. तीन होती. त्यांतला एक तर मी 'उत्तम वाचक' म्हणून नोंदवला होता.

तिसरा-चौथा महिना

पहिले दोन महिने मजेत जातात. उजव्या हाताने सोप्या धुना येतात. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीतली आनंदगीताची धून पुष्कळ पुस्तकांत सुरुवातीलाच असते, कारण ती जवळजवळ सगळी शेजारच्या पाच सुरांत बसते. मुलाला वाटतं आपल्याला पियानो यायला लागला. पालक व्हिडिओ काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. मीही टाकला.

मग दोन हात एकत्र येतात.

उजवा हात एका मात्रेला एक सूर वाजवतोय, डाव्याने चार मात्रा एकच पट्टी धरून ठेवायची. ऐकायला काहीच वाटत नाही. करायला गेलं की उजवा हात उठला की डावाही उठतो. मूल थांबतं, परत पहिल्यापासून सुरू करतं, त्याच जागी थांबतं. आमच्याकडे हे सलग तीन आठवडे चाललं. एका गुरुवारी मी शाळेतून दमून आले होते, वह्या तपासायच्या होत्या, कुकर लावलेला, आणि आतून तीच ती अर्धी ओळ दहाव्यांदा. मी आत जाऊन ओरडले. म्हणाले, "एवढे पैसे भरतोय, लक्ष कुठंय तुझं?" तिने काही उत्तर दिलं नाही. कीबोर्डवर कापड टाकलं, नीट चारी बाजूंनी, आणि अभ्यासाला बसली. पुढचे नऊ दिवस तिने त्याला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणायची, "माझ्याने होत नाही, पैसे वाया जातील."

पैसे हा शब्द तिला मीच दिला होता.

क्लास बंद करायचं जवळजवळ ठरलं. सांगायला म्हणून मी सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या तासाला तुम्ही पण या. मागे बसा, बोलू नका." मी गेले. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडून अख्ख्या अर्ध्या तासात फक्त एक बार करून घेतला. चार मात्रांचा तुकडा. आधी डावा हात मांडीवर थोपटून, उजवा पट्टीवर. मग उलट. मग दोन्ही, इतक्या संथ की दोन मात्रांच्या मधे माझी एक जांभई होऊन गेली. पाचव्या वेळी डावा हात खाली राहिला. ती चमकून सरांकडे बघायला लागली. सर म्हणाले, "अजून एकदा, आणि आता आई."

मला उठवलं! मी बसले. उजवा हात सुरू केला, डावा आपोआप उचलला गेला. परत. परत तेच. लेक शेजारी उभी राहून सांगतेय, "आई, डावा दाबूनच ठेव. बघू नको त्याच्याकडे. सावकाश." तिच्या आवाजात चिडचिड अजिबात नव्हती. सहा वेळा केलं तरी मला आलं नाही. परत येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, "तुला पण आठवडा लागेल."

मला खरं तर दोन लागले.

त्यानंतर घरातला सराव बदलला. पूर्वी मी घड्याळ लावून अर्धा तास बसवायची. आता पंधरा मिनिटं, पण रोज, म्हणजे आठवड्यातले पाच-सहा दिवस. रविवारी एकदम दीड तास करून भरपाई होत नाही. पाढ्यांचं आपल्याला माहीतच आहे. आणि 'गाणं वाजव' असं न म्हणता सर वहीत जे लिहून देतात तेवढंच. उदाहरणार्थ, 'बार 5 ते 8, डावा हात, 4 वेळा'. अडलेली जागाच घासायची. मुलांना सुरुवातीपासून वाजवायची हौस असते, त्यात पहिली ओळ गुळगुळीत होते आणि तिसरी तशीच खडबडीत राहते. वेळही ठरवून टाकली, संध्याकाळचं दूध झाल्यावर. आठ वाजता झोपाळलेल्या मुलाला बसवण्यात अर्थ नसतो. मी त्या वेळी खोलीत असते, वह्या घेऊन, पण मान वर करत नाही. हे मला सगळ्यात जड गेलं.

परीक्षा

आता थोडं ग्रेडबद्दल, कारण पालकांचा दुसरा प्रश्न तोच असतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ह्या परीक्षा आपल्याला ओळखीच्या आहेत. पियानोसाठी आपल्याकडे मुलं मुख्यतः एबीआरएसएम आणि ट्रिनिटी ह्या दोन लंडनच्या संस्थांच्या परीक्षा देतात. दोन्हींत अगदी सुरुवातीची एक प्राथमिक पायरी आणि मग 1 ते 8 ग्रेड. एबीआरएसएमच्या समोरासमोर होणाऱ्या परीक्षेत एकूण 150 गुण. त्यातले 90 गुण तीन रचनांना, बाकीचे सप्तकांचे सराव, न पाहिलेली ओळ वाचून वाजवणं आणि कानाची परीक्षा ह्यांना. 100 ला उत्तीर्ण, 120 ला मेरिट, 130 ला डिस्टिंक्शन. तिथे सहाव्या ग्रेडला बसण्याआधी पाचव्या ग्रेडची लेखी परीक्षा किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा पास व्हावी लागते. ट्रिनिटीत 100 पैकी गुण असतात, 60 ला पास.

'न पाहिलेली ओळ' आणि 'कानाची परीक्षा' हे दोन शब्द अधोरेखित करा. पाठांतरावर गेलेलं मूल तिथेच अडकतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी परीक्षा नको. तीन रचना वर्षभर घासून मेरिट मिळवलेली मुलं मी बघितली आहेत, त्यांना चौथी रचना वाजवता येत नाही. स्कॉलरशिपच्या वर्गांत आपण हेच करतो, सोडा तो विषय. शिक्षकांना पहिल्याच भेटीत विचारा, परीक्षेला कधी बसवता? जे म्हणतील "दर वर्षी एक ग्रेड, गॅरंटी", तिथे मी तरी लेकराला घालणार नाही.

शिक्षक निवडताना

वाजवणारा उत्तम असला म्हणजे लहान मुलांना शिकवणारा उत्तम असतोच असं नाही. शक्य असेल तर फी भरण्याआधी एक तास बघू द्या म्हणावं. मूल चुकल्यावर ते काय करतात तेवढं बघितलं तरी पुरे. स्वतःच पुढे सरसावून वाजवून दाखवतात, की मुलाला परत शोधू देतात?

फीचं बोलून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. महिन्याची की तासाप्रमाणे? गणपती-दिवाळीच्या सुट्टीचं काय? मूल आजारी पडलं तर तास भरून देणार का, सर आजारी पडले तर? आमचं हे पहिल्या वेळी ठरलं नव्हतं आणि मे महिन्यात दोघांनाही अवघड झालं. पुस्तकांचा आणि पुढे परीक्षेचा खर्च वेगळा असतो, तोही धरून चालावं.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. खासगी शिकवणी म्हणजे बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक लहान मूल. पियानो शिकवताना मनगट, बोटं, खांदे धरून दाखवावे लागतात. म्हणून दार उघडं असावं, आई-बाबा किंवा घरचं कुणी ऐकू येईल इतक्या अंतरावर असावं, आणि 'हात धरू का?' असं मुलाला विचारण्याची पद्धत असावी. आमचे सर आजही विचारतात. शाळेत आपण चांगला-वाईट स्पर्श शिकवतो, तो क्लासला जाताना शाळेतच ठेवून जायचा नसतो. पालक बसलेले ज्यांना चालत नाहीत, त्यांना नमस्कार करून दुसरीकडे जावं. काही शिक्षक म्हणतात आई समोर असली की मूल लक्ष देत नाही. ते खरंही असतं. मग बाहेरच्या खोलीत बसा, पण दार उघडं.

वर्षाअखेर काय येतं?

त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. गॅदरिंगला वाजवेल का? सहा महिन्यांत टाळ्या मिळण्यासारखं बहुधा नाही. वर्षाअखेर माझ्या लेकीला पानभराच्या आठ-दहा सोप्या धुना दोन हातांनी येत होत्या, त्यात डावा हात बहुतेक वेळा लांब सूर धरून बसलेला. सी आणि जी पासूनची सप्तकं, तीही एकेका हाताने. नवीन ओळ दिली तर संथपणे, बोट अडखळत, पण स्वतः वाचून. सिनेमाचं गाणं एकही नाही. पाहुणे आले की "काहीतरी वाजव ना" म्हणतात, ती वाजवते आणि पाहुण्यांना ओळखीचं काही न निघाल्याने ते चहाकडे वळतात. त्याची तिला आता सवय झाली आहे, मला अजून नाही.

यंदा आषाढीला आबा आले होते. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी अभंग धरला, त्यांच्या नेहमीच्या काळी एकमध्ये. नात साथीला बसली आणि बघते तर सगळ्या काळ्याच काळ्या, तिच्या ओळखीचं काहीच नाही. दोन मिनिटं शोधत राहिली. मग तिला कीबोर्डवरचं ते बटण आठवलं, ज्याने सगळी पट्टी एक घर वर सरकते. सरांनी त्याला हात लावायचा नाही असं बजावलेलं आहे, कारण मग वाचायचं एक आणि ऐकू यायचं दुसरंच. तिने माझ्याकडे बघितलं. मी वह्यांत मान घातली. बटण दाबलं गेलं, पांढरी एक दाबली की काळी एक वाजायला लागली, आणि डाव्या हाताने लांब सूर धरून ती आबांच्या मागे निघाली.

दुसऱ्या दिवशी क्लासला जाताना म्हणाली, "आई, सरांना मीच सांगणारे. तू नको सांगू."